परिचारिकेच्या घरातही ड्युटीचा तक्ता हवा

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू झाले की मावळात एक तक्रार हमखास ऐकू येते. शिकलेल्या मुली नोकरीला लागल्या की चळवळीकडे पाठ फिरवतात म्हणे! त्यात नर्स भगिनींचे नाव सर्वांत आधी. तक्रार करणाऱ्या बांधवांनी एकदा संध्याकाळी लोणावळा किंवा तळेगावच्या फलाटावर उभे राहावे. वाचनाला बसण्याच्या वेळेलाच ही भगिनी डबा घेऊन नाईटला निघालेली असते. सकाळी परतते तेव्हा मुलांची शाळा, सासूबाईंचे औषध आणि रात्रीची भांडी तिची वाट पाहत असतात. झोप कुठे आहे?

सेवा हा स्त्रीचा धर्म, हे मनुवादाने शिकविले. बुद्धांनी नव्हे. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला पाहून तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले आणि दोघांनी डोक्याकडून-पायाकडून उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. दोघेही पुरुष होते, आणि काम वाटून घेतले होते. ही कथा सांगणारे आपण, घरी मात्र बायको नाईटवरून आल्यावर चहाची वाट पाहत बसतो!

1928 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. 1929 मध्ये कायदा झाला. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला पाळणाघर बंधनकारक झाले; दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभाही मिळाली. सामाजिक सुरक्षा संहितेतही हे हक्क आहेत. मागील 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेले असावे, एवढी अट. ईएसआय लागू असेल तर लाभ तिथून मिळतो. खाजगी दवाखान्यात 'तू कंत्राटी आहेस' म्हणून कोणी उडवून लावत असेल तर गप्प बसू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नेमणूकपत्र आणि पगाराची स्लिप जपून ठेवा. तोंडी विनंतीला फाईलमध्ये जागा नसते.

आता घराचे. वॉर्डात लागतो तसा तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. महिन्याच्या पाळ्या समजल्या की त्याच दिवशी नवऱ्याच्या आणि मोठ्या मुलांच्या नावापुढे कामे लिहा. 'मदत करतो' हा शब्द काढून टाका. घर त्याचेही आहे. नाईटनंतरची झोप ही औषधाच्या डोसासारखी आहे, चुकवायची नाही. खोली अंधारी, फोन दुसऱ्याच्या हातात, आणि पाहुणे संध्याकाळी. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्याचे रस्ते पर्यटकांनी तुंबतात, म्हणून त्या दिवशी बाळाला सांभाळणारे दुसरे घर आधीच ठरवून ठेवा. आंदर मावळ, पवन मावळातल्या उपकेंद्रांवर एकट्या राबणाऱ्या एएनएम भगिनींना तर शेजारच्या घराशिवाय आधार नाही.

विहार समित्यांनाही सांगणे आहे. विहाराला दिवसभर कुलूप असते. शाळा सुटल्यानंतर दोन तास मुलांची अभ्यासिका तिथे चालवायला निवृत्त शिक्षक आपल्याकडे कमी नाहीत. आणि ग्रंथवाचन आठवड्यातून एकदा दुपारी ठेवून पाहा. कोणता वार, ते नर्स भगिनींना विचारून ठरवा.