पडद्यावरचे मरण

दिवाळीला आम्ही दरवर्षी सहकुटुंब भातकुलीस जातो. अभ्यंगस्नान, फराळ, वडीलधाऱ्यांना नमस्कार हे यथासांग आटोपले, की दुपारी सर्वांनी मिळून एखादा चित्रपट पाहावयाचा, असा घरचा शिरस्ता आहे. यंदा 'बॉर्डर'ची पाळी आली.

आमच्या चिरंजीवांना युद्धपटांतल्या चुका हुडकण्याचा भारी नाद. 2022 च्या डिसेंबरात एका मराठी चित्रपटाची झलक आली होती. तीत शिवाजी महाराजांच्या दृश्यात झुंबराला चक्क विजेचे दिवे! महाराजांचे निर्वाण 1680 चे, एडिसनचा दिवा 1879 चा. साहेबलोकही मागे नाहीत. 1995 च्या 'ब्रेव्हहार्ट'मध्ये 1297 ची स्टर्लिंगच्या पुलावरची लढाई आहे, फक्त पूल तेवढा नाही! अशा चुकांवर हसावे आणि चिवड्याचा बोकणा भरावा, एवढेच.

फौजेतून निवृत्त झालेले आमचे काका मात्र हसत नव्हते. पडद्यावर सुनील शेट्टीचा भैरोसिंग धारातीर्थी पडला. सौ.ने डोळ्यांना पदर लावला. तोच काका म्हणाले,

"सूनबाई, रडू नोको. हा मानूस मेलाच नव्हता!"

आम्ही चपापलो. पण काकांचे खरे होते. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड लोंगेवालाच्या लढाईतून सुखरूप परतले. 1972 मध्ये त्यांना सेना पदक मिळाले. चित्रपट आला 1997 साली, आणि राठोड जोधपूरला वारले ते 19 डिसेंबर 2022 रोजी. म्हणजे पडद्यावर हौतात्म्य पत्करल्यावर हा गृहस्थ आणखी पंचवीस वर्षे हयात होता!

4 डिसेंबर 1971 च्या त्या रात्री सुमारे सव्वाशे जवानांनी रणगाड्यांचा तांडा रोखून धरला. रणगाडे वाळूत रुतले, आणि उजाडताच जैसलमेरच्या हंटर विमानांनी त्यांचा समाचार घेतला. आपले जवान कामी आले ते अवघे दोन. पडद्यावर मात्र एकामागून एक पडतात.

"पण काका," चिरंजीव म्हणाले, "त्याशिवाय प्रेक्षकांना रडू कसं येईल?"

"अन् जिता परत आला त्याचं शौर्य कमी हाय काय?" काका म्हणाले. "घरी बसून सोताचंच मरन पाहाचं त्यानं?"

कोणी बोलेना. झुंबरातला दिवा मालवता येतो. पण लाखो लोकांच्या मनात मेलेल्या माणसाने आपण जिवंत आहोत, हे कुणाकुणाला सांगत फिरावे? त्यापेक्षा चित्रपटाच्या शेवटी 'हे वीर आजही आपल्यात आहेत' एवढी एक ओळ दाखवली असती, तर काय बिघडले असते?

सौ.ने वातावरण सैल करावे म्हणून अनारशांचे ताट पुढे केले. काकांनी एक उचलला आणि म्हणाले, "आपल्या गाविलगडावर कोनी सिनेमा काढला, त पाहाजा बाप्पा! 1803 मंदी इंग्रजाशी लढता लढता मेलेल्या बेनीसिंग किल्लेदाराले हे लोक जिता ठेवतीन, अन् शेवटी त्याचं लगन लावून देतीन!"