मोरवेलीला हात कुठं असतात?

दोस्तांनो, साताऱ्याच्या एका सातवीतल्या मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "सहलीला गडावर गेलो होतो, तिथून मोरवेलीचं रोप मुळासकट आणलं. कुंडीत लावलं. बाबांनी चांगला जाडजूड बांबू रोवून दिला. दीड महिना झाला. नवी पानं येतात, पण वेल काही वर चढत नाही. बांबूच्या पायाशी नुसती लोळत पडते. दादा म्हणतो, फेकून दे आणि तिथं मनीप्लँट लाव. काय करू?"

अगं, फेकू नकोस! नवी पानं येताहेत म्हणजे मुळं धरली आहेत. चूक वेलीची नाहीच, चूक आहे बांबूची.

मोरवेल तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेली असणार. पावसाळा सरत आला की सह्याद्रीच्या घाटवाटांना, गडांवरच्या झुडपांवर पांढऱ्याशुभ्र चांदण्या पसरल्यासारखी दिसते ना, तीच. कुणी तिला रानजाई म्हणतं, पण जाईशी तिचं काही नातं नाही. इंग्रजीत क्लेमॅटिस म्हणतात त्या कुळातली ही आपली गावठी बहीण. जगात क्लेमॅटिसच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत. आणि एक गंमत सांगू? त्या पांढऱ्या पाकळ्या खऱ्या पाकळ्या नव्हेतच. ती निदलं आहेत. शाळेत निदलपुंज आणि दलपुंज शिकलात ना? हिला दलपुंज नाहीच! फुलायचं सगळं काम निदलांनीच अंगावर घेतलंय.

आता चढायचं कसं ते बघू. काकडीच्या वेलीला स्प्रिंगसारखे ताणे असतात. वालाची वेल स्वतःच काठीभोवती पिळे घालत जाते. मनीप्लँट खोडावरच्या मुळांनी चिकटतो. मोरवेलीकडं यातलं काही नाही. तिचे हात म्हणजे पानांचे देठ. देठ एखाद्या काडीला टेकला की तिच्याभोवती वळतो, वेढा घालतो आणि मग हळूहळू जाड आणि कडक होतो. सुटता सुटत नाही. पण देठ केवढा? बोटाएवढा. तो मनगटाएवढ्या बांबूला मिठी कशी मारणार? तुम्ही वडाच्या खोडाला कवेत घेऊन बघा, म्हणजे कळेल.

चार्ल्स डार्विनला या देठांनी वेड लावलं होतं. आजारपणात खोलीत बसून तो कुंड्यांतल्या वेलींकडं तासन् तास बघायचा. त्यावर 1865 साली त्यानं मोठा निबंध लिहिला. देठाला तो काडीनं हलकेच घासायचा, दोऱ्याची छोटीशी कडी अडकवून ठेवायचा. काही वेलींचे देठ अवघ्या 4 मिलिग्रॅम वजनाच्या कडीनंसुद्धा वाकले. 4 मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे अडीचशे भाग करा, त्यातला एक!

हा प्रयोग तुम्हालाही जमेल. कोवळं पान निवडा, कारण जून देठ दाद देत नाही. आगकाडीच्या गुल नसलेल्या टोकानं देठाची खालची बाजू चार-पाचदा अगदी हळू घासा. मग अभ्यासाला बसा. काही तासांनी येऊन बघा. शेजारच्या न घासलेल्या देठाशी तुलना करायला विसरू नका, नाहीतर प्रयोग कसला?

आमच्या गॅलरीत मीही पहिल्या वर्षी हाच घोळ घातला होता. वेल चढेना म्हणून सुतळीनं खांबाला करकचून बांधली. दोन दिवसांनी वरचा सगळा भाग माना टाकून बसला. कोवळं खोड सुतळीखाली चेपलं होतं. आई म्हणाली, "तिला बांधतोस कशाला? धरायला काहीतरी दे की!" खराट्याच्या चार काड्या रोवल्या, वर खिडकीपर्यंत बारीक दोऱ्या ताणल्या आणि उरलेली वेल पंधरा दिवसांत चालू लागली.

तेव्हा मैत्रिणी, बांबू राहू दे, पण त्याच्याभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी गुंडाळ, नाहीतर दोऱ्या लाव. पेन्सिलीहून जाड काही नको. वेलीला डोक्यावर ऊन आवडतं आणि मुळाशी गारवा. म्हणून कुंडीतल्या मातीवर नारळाच्या शेंड्या पसर किंवा कुंडीपुढं दुसरी कुंडी ठेव. पाणी साचू देऊ नकोस, तळाचं भोक उघडं आहे ना बघ. आणि हो, फांदी तोडलीस तर हात धू. हिचा रस कातडीला चुणचुणतो, कधीकधी फोडही येतात. धाकट्या भावंडांना पानं तोंडात घालू देऊ नका.

एक गोष्ट मात्र तुला आवडणार नाही, तरी सांगतो. गडावरून रोप उपटून आणायला नको होतं. तुझं जगलं, पण उपटलेली बरीचशी रोपं वाटेतच मरतात. शिवाय राखीव जंगलातून रोप आणणं कायद्यालाही मंजूर नाही. तुझ्या वर्गातल्या चाळीस जणांनी एकेक उपटलं असतं तर? हवीच असेल तर कुणाच्या शेताच्या कुंपणावर असते, तिथं विचारून बी घ्यावं. फुलं गेली की प्रत्येक बीला पिसासारखी शेपटी फुटते. मोरवेल हे नाव त्यावरूनच पडलं असावं, असा माझा आपला अंदाज. बी रुजायला महिनोन् महिने घेतं, रोज उकरून बघू नका!

कोणा पालकांना परदेशी पुस्तकातली ती जांभळी, बशीएवढी क्लेमॅटिस खुणावत असेल. ती थंड मुलखातली. तिला हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते. आपल्याकडच्या उन्हात ती बहुधा रडतराऊतच राहते.

उन्हाळ्यात तुझी वेल वाळक्या काड्यांसारखी दिसली तर दादाच्या हाती देऊ नकोस. नखानं साल किंचित खरवड. आत हिरवं असेल तर ती जिवंत आहे. थोडं थोडं पाणी घालत राहा. पुढच्या पावसात एक लांब फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाब, वर दगड ठेव. मुळं फुटली की कापून वेगळी कर. ते रोप दादाला दे.

आगकाडीचा प्रयोग ज्यांनी केला त्यांनी देठ किती वेळानं वाकला ते घड्याळ लावून मला कळवा. वाकला नाही तर तेही कळवा.