नोंद सैन्याची, पुरावा विधवेचा

भिलाईतील सुपेला बाजारात चॉइस सेंटरसमोर (महाराष्ट्रातील वाचकांनी सेतू केंद्र समजावे) नोव्हेंबर महिन्यात वृद्धांची रांग लागते. निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला देण्याचा हा महिना. गेल्या वर्षी त्या रांगेत मी आमच्या शेजारच्या काकूंसोबत उभा होतो. त्यांचे यजमान सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, इथेच स्थायिक झाले आणि काही वर्षांपूर्वी निवर्तले. काकूंचे वय आधार कार्डानुसार ८३ आहे, सैन्याच्या नोंदीनुसार ७४. नावही दोन्हीकडे निराळे: नोंदीत माहेरचे, आधारवर सासरचे.

हा फरक केवळ कागदी नाही. कुटुंब निवृत्तिवेतनात वयाच्या ८० व्या वर्षापासून २० टक्के, ८५ व्या वर्षापासून ३० टक्के आणि ९० व्या वर्षापासून ४० टक्के वाढ मिळते. काकूंची ऐंशी वर्षे तीन वर्षांपूर्वीच भरली. सैन्याच्या हिशेबाने ती भरण्यास अजून सहा वर्षे आहेत. त्यांच्या अर्जाला तीन ओळींचे उत्तर आले. अभिलेखाशी विसंगत मागणी मान्य करता येत नाही, असा त्याचा आशय होता. ही भाषा मला परकी नाही. शासकीय सेवेत असताना अशा टिपणीखाली मी स्वतः कितीतरी वेळा सही केली आहे, आणि ती करताना मुळात अभिलेख लिहिला कोणी, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

जवानांच्या सेवानोंदी त्यांच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात राहतात: मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावात, महार रेजिमेंटच्या सागरला, तोफखान्याच्या नाशिक रोडला. लग्न झाले, मूल झाले की पलटणीतला कारकून जवानाला विचारून ते ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये प्रसिद्ध करतो आणि तेथून ते सेवानोंदीत उतरते. ज्या पत्नीविषयी ही नोंद, ती शेकडो मैल दूर गावी. कारकून अन्यभाषक असेल, तर लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली रीत त्याला कशी ठाऊक असावी? जन्मतारखेचे तर विचारायलाच नको. आपल्याकडे शाळामास्तरांनी वर्गच्या वर्ग १ जूनला जन्माला घातले. १९४० च्या दशकात खेड्यात जन्मलेल्या कितीतरी मुलींना तर शाळेचा उंबरठाही दिसला नाही. जवानाने अंदाजाने वर्ष सांगितले, ते टंकलिखित झाले आणि टंकलिखित झाल्यामुळेच खरे ठरले. आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर ३० लाखांहून अधिक संरक्षण निवृत्तिवेतनधारक आले आहेत आणि आधार, पॅन व सेवानोंद यांतले जुने फरक एकदम उघडे पडू लागले आहेत.

प्रशासनाच्या सावधपणालाही कारण आहे. जन्मतारीख पुढे सरकवून नोकरी लांबवण्याचे प्रयत्न सर्वच खात्यांत होत आले. म्हणूनच केंद्राच्या नागरी सेवेत अशी दुरुस्ती रुजू झाल्यापासून पाच वर्षांतच मागता येते, आणि १९९३ च्या हरनाम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही निवृत्तीच्या तोंडावर जाग आलेल्यास दाद दिली नाही. परंतु हा बंदोबस्त कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या तारखेसाठी होता. त्यामागची शंका हळूहळू प्रत्येक रकान्याला चिकटली, बायकोच्या नावालासुद्धा. काकूंच्या वयात आर्थिक लाभ गुंतला आहे हे खरे, ते तपासावेच. पण त्याच सेवानोंदीत त्यांच्या थोरल्या मुलाचे जन्मवर्ष १९६१ आहे आणि त्यांचे स्वतःचे १९५१. म्हणजे नोंद खरी मानली तर काकू दहाव्या वर्षी आई झाल्या! आधारशी असलेली विसंगती दिसली, अभिलेखाच्या पोटातली दिसली नाही.

नोंदींचा गोंधळ केवळ हवालदाराच्याच वाट्याला येतो असेही नाही. जनरल व्ही. के. सिंग लष्करप्रमुख असताना त्यांची जन्मतारीख अ‍ॅडज्युटंट जनरल शाखेत १० मे १९५१ होती आणि मिलिटरी सेक्रेटरी शाखेत १० मे १९५०. दोन शाखांत एकाच अधिकाऱ्याची दोन वये दशकानुदशके सुखाने नांदली. जानेवारी २०१२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले, १० फेब्रुवारीस त्यांनी याचिका मागे घेतली आणि मे महिन्यात १९५० च्याच हिशेबाने ते निवृत्त झाले. त्यांच्या दाव्याच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. दोन नोंदी वेळीच ताडून पाहणे हे कोणाचे काम, एवढाच माझा प्रश्न आहे.

सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ पासून अस्तित्वात आहे, त्याचे खंडपीठ जबलपूरला आहे. पण एका रकान्यासाठी ८३ वर्षांच्या बाईने वकील करून जबलपूर गाठावे, ही अपेक्षाच विचित्र. शिवाय तरसेम सिंग प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने उशिरा दाद मागणाऱ्याची थकबाकी सामान्यतः दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. चूक दुसऱ्याची असली, तरी उशिराची किंमत अर्जदारानेच मोजायची. अमेरिकेत एकेका सैनिकाची नोंद सुधारण्यासाठी संसदेला स्वतंत्र विधेयके संमत करावी लागत. त्याला कंटाळून १९४६ च्या कायद्याने हे काम नागरी सदस्यांच्या दुरुस्ती मंडळांकडे सोपवले गेले. तिथेही तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायासाठी ती माफ करण्याचा अधिकार मंडळालाच आहे. आपल्याकडे असे मंडळ नाही. दुरुस्तीचा अर्ज चूक ज्याच्या वहीत, त्याच्याच टेबलावर जातो.

वहीचा मालक स्वतःहून चूक शोधू शकतो, याचे उदाहरण इतिहासात आहे. बसरा येथील १९२९ च्या युद्धस्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांचे मात्र पलटणीवार आकडे. मेसोपोटेमियात पडलेले मराठा पलटणींचे शिपाईही त्या आकड्यांत आहेत. टीका झाल्यावर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच शोध घेऊन ही विषमता मान्य केली. उशीर फार झाला, पण कोणा शिपायाच्या पणतूकडे त्यासाठी प्रतिज्ञापत्र मागितले गेले नाही.

आपल्याला एवढे तरी करता यावे. निवृत्तीच्या वेळी कुटुंबाच्या नोंदीची प्रत जवान आणि पत्नी या दोघांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावी. नंतरच्या अर्जावर अभिलेख कार्यालयाने ९० दिवसांत सकारण निर्णय द्यावा, आणि नकारापूर्वी स्वतःची संपूर्ण नोंद तपासल्याचे अधिकाऱ्याने लिहून द्यावे. नोंद मुकी किंवा परस्परविरोधी असेल, तर तिचा अर्थ अर्जदाराच्या बाजूने लावावा. सैन्यात भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगीच होता असे मानावे, हे धरमवीर सिंग प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेच आहे. पत्नीच्या रकान्याला निराळा न्याय कशासाठी?

तोवर एक व्यवहाराची गोष्ट. ज्यांच्या घरी माजी सैनिक हयात आहेत, त्यांनी डिस्चार्ज बुक आणि निवृत्तिवेतन आदेश काढून पत्नीचे नाव व जन्मतारीख आधारशी ताडून पाहावी. फरक असल्यास अर्ज त्यांच्याच सहीने, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आजच करावा. काकूंचा दुसरा अर्ज, थोरल्या मुलाच्या जन्मवर्षाचा दाखला जोडून, आम्ही फेब्रुवारीत पाठवला आहे. उत्तर अद्याप यायचे आहे.