सीमा कुणी ठरवली?

मंडळी, आज थोडं गणित आणि बरीचशी चिडचिड. विषय : फ्रॅक्शनल डिफरन्शियल इक्वेशन्सचे बाउंडरी व्हॅल्यू प्रॉब्लेम. (पळू नका, सोपं करून सांगतो!)

डेरिव्हेटिव्ह एकदा घेता येतो, दोनदा घेता येतो. मग दीड वेळा? 1695 साली लायब्निझ आणि लोपिताल यांच्या पत्रांत अर्ध्या डेरिव्हेटिव्हचा प्रश्न निघाला होता, म्हणजे फॅड काही नवीन नाही. खरी गंमत त्याच्या स्मरणशक्तीत आहे. कर्जतहून सुटलेली लोकल घ्या. शेलूला डब्यात डोकावून डोकी मोजली, तर तो झाला साधा डेरिव्हेटिव्ह. फ्रॅक्शनल म्हणजे वही : कर्जतला किती चढले, भिवपुरीला किती, नेरळला किती. मागच्या नोंदींचं वजन कमी होत जातं, पण शून्य होत नाही.

आता कुणी म्हणालं, "वही शेलूपासून सुरू करू", तर? साध्या समीकरणात चालतं. शेलूची स्थिती नीट कळली की पुढचं उत्तर तेच येतं. फ्रॅक्शनलमधे मात्र मागची तीन स्टेशनं पुसली जातात आणि समीकरणच बदलतं. थोडक्यात, इथे सीमा ही समीकरणाचाच भाग आहे.

आणि आपले पेपर काय करतात? 0 ते 1 घ्या, दोन्ही टोकांना उत्तर शून्य माना. बनाखचं 1922 चं फिक्स्ड पॉइंट थिअरम लावा. शेवटी अटींत चपखल बसेल असं बेतलेलं एक उदाहरण. झाला पेपर! पुढच्या पेपरात टोकाची अट बदला, परत तेच. ते 0 म्हणजे नक्की कुठलं ठिकाण, हे विचारायचंच नाही.

"शुद्ध गणिताला उपयोग विचारू नये," असं कुणीतरी म्हणेलच. मान्य, एकदम मान्य! पण मग प्रस्तावनेत भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, इंजिनिअरिंगची जपमाळ कशाला ओढता?

उपयोग खरंच आहे हो. 2000 साली बेन्सन, व्हीटक्राफ्ट आणि मीरशार्ट यांनी भूजलात मिसळलेला पदार्थ कसा पसरतो, यासाठी फ्रॅक्शनल समीकरण वापरून दाखवलं. शेलूसारख्या झपाट्याने बिल्डिंगा उठणाऱ्या गावात हा प्रश्न घरचा आहे. एका टोकाला सेप्टिक टँक, दुसऱ्या टोकाला बोअरवेल. तिथे "उत्तर अस्तित्वात आहे" हे ऐकून कुणाची तहान भागणार?

पुण्यातच वर्षा दफ्तरदार-गेज्जी आणि होसेन जाफरी यांनी 2006 मधे नॉनलिनिअर समीकरणं पायरीपायरीने सोडवायची पद्धत दिली. ती फ्रॅक्शनल समीकरणांनाही लावता येते. म्हणजे आपल्याकडे डोकी आहेत. घोळ मोजदादीत आहे. 2010 मधे यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे गुण जोडले आणि पेपर मोजायची सवय पक्की झाली. 2022 मधे थीसिसआधी पेपर छापायची सक्ती गेली. सवय जाईल?

माझं स्पष्ट मत : अशा प्रत्येक पेपरला तीन प्रश्न विचारा. सीमा कुठून आली? त्या टोकाला काय मोजलं? आकडा काढता येतो का? तिन्हींना उत्तर नसेल तर खुशाल "शुद्ध गणित" म्हणून छापा, पण उपयोगाचं लेबल काढून.

असो. पटलं नसेल तर भांडायला या.