वगळलेल्यांची नोंद

उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाने कंपायलरवर लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या मुस्लिम घरांतली कितीतरी मुले आज पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करतात. आपण त्यांना पगार विचारतो, स्थळ आले का ते विचारतो. काम काय करतोस, हे मात्र विचारत नाही. मी विचारतो, कारण त्यातली काही माझ्या वर्गात बसलेली आहेत. अशाच बोलण्यातून एक विषय कळला. तो दिसायला तांत्रिक आहे, पण माझ्या मते आपल्या शाळांना आणि आपल्या समाजाला थेट लागू पडणारा आहे.

माणसाने लिहिलेला प्रोग्राम चालवण्याजोग्या रूपात बदलून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. हे रूपांतर करताना तो मूळ प्रोग्रामचे काम हलकेही करतो. मोबाइलच्या पडद्यावर जे दिसते, म्हणजे बटणे, याद्या, रकाने, ते लिहिण्यासाठी सध्या जगभर रिॲक्ट वापरतात. फेसबुकने ते 2013 मध्ये सर्वांसाठी खुले केले. रिॲक्टमध्ये पडदा लहान लहान घटकांचा बनतो. एखादी गोष्ट बदलली की तो घटक आणि त्याच्या पोटातले घटक आपला हिशेब पुन्हा करतात. हजेरीचे उदाहरण घ्या. वर्गात चाळीस मुले आहेत आणि मी एका नावापुढे खूण केली. नीट लक्ष दिले नसेल, तर त्या एका खुणेसाठी चाळीसही ओळींचा हिशेब नव्याने होतो. महागड्या फोनवर हे जाणवत नाही. पाच वर्षे वापरलेल्या स्वस्त फोनवर बोट लावल्यावर क्षणभर काहीच होत नाही. मग माणूस पुन्हा दाबतो आणि खूण निघून जाते.

यावर उपाय म्हणजे आधी काढलेले उत्तर लक्षात ठेवणे. ज्यावर ते उत्तर अवलंबून आहे ते बदलले नसेल, तर जुनेच उत्तर द्यायचे. पूर्वी हे प्रोग्रामरला हाताने लिहावे लागे. आता हे काम रिॲक्ट कंपायलर स्वतः करतो. त्याची कल्पना 2021 मध्ये मांडली गेली आणि 1.0 आवृत्ती ऑक्टोबर 2025 मध्ये आली.

आपल्या वाचकांना हे समजायला हिफ्जचा वर्ग पुरेसा आहे. आजचा नवा धडा म्हणजे सबक, अलीकडे पाठ केलेला भाग म्हणजे सबकी आणि जुने पाठांतर म्हणजे मंझिल. जे पक्के आहे ते पुन्हा पहिल्या अक्षरापासून शिकवत नाहीत, पण ते पक्के आहे की नाही हे तपासल्याशिवाय पुढेही जात नाहीत. चांगल्या उस्तादांची वही पाहा. किती पाने झाली हे त्यात असतेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुठे गलती झाली आणि कुठे अटकन आली, हे त्यात असते. दुसऱ्या दिवशीचा अभ्यास त्या खुणांवरून ठरतो.

आता मुख्य मुद्दा. हा कंपायलर प्रत्येक घटकाला हात लावत नाही. रिॲक्टचे काही नियम आहेत. त्यातला एक असा, की घटकाला बाहेरून मिळालेल्या माहितीत त्याने स्वतः फेरफार करायचा नाही. कार्यालयातून आलेल्या मस्टरवर खाडाखोड करायची नाही, आपली प्रत काढून त्यावर काय ते लिहायचे, असाच हा नियम. एखाद्या घटकात तो मोडलेला दिसला, तर कंपायलर त्या घटकाला तसाच सोडतो आणि पुढे जातो. काम थांबत नाही. ॲप तयार होते, चालते, उत्तरेही बरोबर येतात. फक्त तो घटक पूर्वीसारखाच जड राहतो.

हे धोरण चुकीचे नाही. एका घटकासाठी सगळे ॲप अडवून ठेवणे शहाणपणाचे नव्हे. पण मुकाट्याने सोडून दिलेल्याची नोंद नसेल, तर सगळ्यांना सगळे झाल्यासारखेच वाटते.

नोंदीची सोय कंपायलरमध्येच आहे. तिला लॉगर म्हणतात. तो सुरू केला, की कोणत्या फाइलमधल्या कोणत्या घटकाचे काम झाले ते लिहिले जाते. किती जागा लक्षात ठेवण्यासाठी राखल्या, किती गट आणि किती मूल्ये लक्षात ठेवली, किती विचारात घेऊन नंतर सोडून दिली, हे आकडेही मिळतात. जिथे काम झाले नाही, तिथे कारण आणि कोडमधली जागा मिळते. मात्र हा लॉगर मुळात बंद असतो. तो कोणीतरी मुद्दाम सुरू करावा लागतो आणि नंतर वाचावाही लागतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याच्या कामातली गोष्ट सांगितली. तो शाळांसाठी हजेरीचे ॲप करतो. मराठी वर्गांची यादी सुरळीत चालायची, उर्दू वर्गांची अडखळायची. शिक्षकांनी फारशी तक्रार केली नाही, कारण उर्दूचे सगळे थोडे जडच चालणार, हे आपण मनाशी धरूनच बसलेलो असतो. त्याने लॉगर सुरू केला. बहुतेक सगळे घटक यशस्वी होते. सुटलेल्या चार-पाचांत उर्दू नावांची यादी होती. कारण लिपीचे नव्हते. संगणकाच्या अक्षरक्रमात पे, टे, चे, डाल ही अक्षरे मूळ अरबी अक्षरांच्या नंतर येतात, त्यामुळे नुसते क्रमाने लावले तर उर्दूची वर्णमाला चुकते. ती बरोबर यावी म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने स्वतःचा क्रम बनवला होता आणि बाहेरून आलेल्या यादीतच प्रत्येक नावापुढे तो क्रमांक लिहून ठेवला होता. कंपायलरने ते पाहिले आणि घटक सोडून दिला. दुरुस्ती थोड्या ओळींची होती: आधी प्रत काढा, मग त्यात लिहा.

या गोष्टीतला चांगला हेतूच मला जास्त विचारात पाडतो. कोणी उर्दूचा द्वेष केला नव्हता. उलट उर्दूची काळजी घेणाऱ्याच्याच हातून ते घडले. तरी सोसावे लागले उर्दूच्याच वर्गांना. शेकडा यश पाहणाऱ्याला हे कधीच दिसले नसते. सरासरीत थोडे लोक बुडतात, आणि ते थोडे कोण, हे फक्त नावानिशी आणि कारणानिशी ठेवलेल्या नोंदीत दिसते.

शिक्षकांना हे नवीन नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात न ठेवण्याचे ठरवले. त्यासोबत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कल्पना नेमकी हीच होती: मुलाला अडवू नका, पण ते कुठे अडते ते लिहून ठेवा. आपण काय केले? वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या फिरू लागल्या. त्यातली वाक्ये उचलून पन्नास मुलांच्या नावापुढे लिहिली गेली. पाढ्यांत अडलेल्या मुलापुढेही ‘प्रगती समाधानकारक’ आणि जोडाक्षर न वाचता येणाऱ्या मुलीपुढेही तेच. मूल वर चढत गेले आणि कारण खालीच राहिले. न अडवण्याचे धोरण वाईट नव्हते, खोटी नोंद वाईट होती. नववीत ती मुले गळाली, तेव्हा आपण मुलांना दोष दिला.

म्हणून माझे मत असे आहे: लॉग ठेवणे हे प्रोग्रामरच्या सवडीवर सोडू नये. ॲपची प्रत्येक नवी आवृत्ती निघण्याआधी वगळलेल्या घटकांची यादी कारणांसह वाचली जावी, आणि यशाचा आकडा त्यानंतर पाहावा.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आकडा हेच ध्येय झाले की तो बिघडतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल मांडलेला हा विचार शाळेच्या निकालालाही लागू होतो आणि कंपायलरलाही. अँड्रॉइडवर पडदे लिहिण्यासाठी गूगलचे जेटपॅक कंपोझ आहे. त्याचा कंपायलरही सांगतल्यास अहवाल देतो, कोणते घटक वगळता येण्याजोगे आहेत आणि कोणते नाहीत याचा. तिथे ‘वगळता येणे’ म्हणजे चांगले, कारण काही बदलले नसेल तर त्या घटकाचे काम पुन्हा करावे लागत नाही. तरीही प्रत्येक घटक तसा करण्याच्या मागे लागू नका, असे खुद्द गूगलचे मार्गदर्शन सांगते. डोनाल्ड क्नुथ यांनी 1971 मध्ये फोरट्रान प्रोग्राम तपासले, तेव्हा साधारण चार टक्क्यांहून कमी भागात निम्म्याहून जास्त वेळ जातो असे आढळले. म्हणजे शंभरातले पंच्याण्णव सुधारले आणि नेमका तो भाग राहिला, तर फोन पूर्वीइतकाच अडखळणार. शिवाय कंपायलरचे आकडे ॲप तयार होतानाचे असतात. शिक्षकाच्या हातातल्या फोनवर काय होते, ते त्या फोनवरच मोजावे लागते.

काहीजण म्हणतील, फोन दरवर्षी वेगवान होताहेत, मग एवढा खटाटोप कशाला? ज्यांच्या घरी एकच फोन आहे आणि तो मोठ्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे जातो, त्यांना हा प्रश्न विचारून पाहावा. आळशी प्रोग्रामची किंमत कंपनी देत नाही. ती बॅटरी आणि वेळ यांतून वापरणारा देतो, आणि जितका गरीब तितकी जास्त देतो.

कारणासह नोंद ठेवण्याची ही रीत कंपायलरच्या जगात जुनी आहे. एलएलव्हीएममध्ये तीन वेगळे अहवाल मागता येतात: काय सुधारले, काय सुधारायचे राहिले आणि त्यामागचे विश्लेषण. आपल्या परंपरेतही ती आहे. इमाम बुखारींनी सहीह हदीस निवडल्या, तसे कमकुवत रावींवर वेगळे पुस्तकही लिहिले. कोणाचे का घेतले नाही, हे लिहून ठेवणे त्यांना इल्मचाच भाग वाटले. आणि हा विषय आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचा नाही. कोणती माहिती कुठून कुठे जाते, हे ओळखण्याच्या शास्त्रावर, म्हणजे डेटा फ्लो ॲनालिसिसवर, उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री कारकरे यांचे पुस्तक 2009 मध्ये आले. खेडकर आणि सन्याल मुंबईच्या आयआयटीत शिकवत आले आहेत. मुंबई आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात किंवा कराडच्या शासकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे: पडदे बनवायला शिकाच, पण लॉग वाचायलाही शिका. मुलाखतीत पंच्याण्णव टक्के सांगणारे पुष्कळ असतील. उरलेले पाच कोण, ते का राहिले आणि त्यांची भरपाई कोण करतो, हे विचारणारा तुमच्यातून निघावा. एखाद्या यादीत आपली माणसे असतील, एखाद्या यादीत दुसऱ्यांची. विचारताना हा हिशेब करू नका.