स्वस्त मालाची किंमत

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडावा हे परभणी जिल्ह्यातील एक लहानसे स्थानक. तेथून गाडीत बसले की थोड्याच वेळात नांदेड येते, आणि नांदेडात साखळी-दुकानांची झगमगती दालने गिऱ्हाइकाच्या स्वागतास सज्ज असतात. तेथे माल स्वस्त मिळतो, निवडीस वाव असतो, हे आम्हांस मान्य आहे. महागाईने गांजलेल्या मध्यमवर्गाने तेथे जाऊ नये, असा उपदेश करण्याचा आमचा मानस नाही.

परंतु स्वस्ताईचा हिशेब तेवढ्यावर संपत नाही. शेकडो दुकाने चालविणारी कंपनी थेट कारखान्यातून घाऊक माल उचलते; गावचा किराणा दुकानदार तोच माल ठोक व्यापाऱ्याकडून थोडा थोडा आणतो. ही चढाओढ बरोबरीची नव्हे. मात्र गावचा दुकानदार जी उधारी देतो, ती साखळी-दुकान देत नाही. सोयाबीन-कापूस विकून हाती पैसा येईपर्यंत कित्येक शेतकऱ्यांच्या घरची चूल त्या उधारीच्या वहीवर पेटते. रोखीचे गिऱ्हाईक शहराकडे वळले आणि उधारीचे तेवढे गावात उरले, तर ही वही चालावी कशाच्या बळावर? आणि ती मिटली, तर शेतकऱ्याने सावकाराच्या दारी जावे काय?

केंद्र सरकारने २०१२ साली अनेक ब्रँडचा माल विकणाऱ्या किरकोळ दुकानांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलास मुभा दिली, तेव्हा किमान ३० टक्के तयार माल देशातील लहान उद्योगांकडून घेण्याची अट घातली. ती अट परकीय भांडवलापुरतीच आहे. ज्या जिल्ह्याच्या गिऱ्हाइकांवर दुकान चालते, त्याच जिल्ह्यातील तूर-मुगाची डाळ त्याच्या फळीवर असावी, एवढा आग्रह देशी कंपन्यांकडेही राज्य सरकारने धरावयास हवा.

दुकानदारांनीही केवळ गाऱ्हाणी मांडून भागणार नाही. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ साली एकत्र येऊन ‘अपना बाजार’ उभारला. पूर्णा तालुक्यातील दुकानदारांना संयुक्त खरेदी का साधू नये? दहा जणांनी एकत्र माल उचलला, तर भाव उतरेल आणि उधारीची वहीही टिकेल. गिऱ्हाइकाने स्वस्त माल अवश्य घ्यावा; पण गावचा आधार मोडून मिळणारी स्वस्ताई अखेर महागच पडते, हे शहरवासीयांनी विसरू नये.