स्टोलिपिनची वीस वर्षं

परवा टपरीवर चहा पिताना टीममधला एक मित्र म्हणाला, "स्टोलिपिनला गोळी लागली नसती ना, तर रशियात क्रांती झालीच नसती. एक कडक माणूस आणि वीस वर्षं, बस्स!" हा बाबा खरंच इतिहास वाचतो, त्यामुळे त्याच्याशी भांडायला मजा येते. पण चहा संपला, मीटिंग आली आणि वाद अर्धाच राहिला. उरलेला आज.

१८९७ च्या जनगणनेत रशियन साम्राज्याची लोकसंख्या भरली साडेबारा कोटी. त्यातले शहरात शंभरात जेमतेम तेरा. बाकी सगळी खेडी. १८६१ साली भूदासांना मुक्त केलं खरं, पण जमीन काही फुकट दिली नाही. तिची किंमत हप्त्यांनी फेडायची, ४९ वर्षं! (आपण वीस वर्षांच्या होम लोनला रडतो.) आणि हप्त्याची जबाबदारी एकट्याची नाही, अख्ख्या गावाची. गावाची ही पंचायत म्हणजे 'मीर'. ती जमिनीचे पट्टे घराघरांत वाटून द्यायची आणि बऱ्याच ठिकाणी काही वर्षांनी पुन्हा नव्याने वाटायची. एका घराचे पट्टे इथे चार, तिथे पाच, असे विखुरलेले. आज माझा असलेला पट्टा उद्या शेजाऱ्याकडे जाणार असेल तर मी त्यात खत कशाला घालू? शेती मागासलेलीच राहणार. इथपर्यंत मित्राचं म्हणणं मला मान्य आहे.

पण याच खेड्यांच्या जिवावर कारखानदारी उभी राहिली, हे तो विसरतो. १८९२ ते १९०३ अर्थमंत्री होता सर्गेई विट्टे. रेल्वेतून वर आलेला, प्रचंड डोक्याचा माणूस. त्याच्या काळात सैबेरियन रेल्वे पुढे सरकली आणि १८९७ मध्ये रूबल सोन्याशी बांधला गेला, म्हणजे परदेशी पैसा यायला मोकळा. नव्वदच्या दशकात लोहमार्ग तीस हजार किलोमीटरच्या आसपास होते ते पन्नास हजारांच्या वर गेले. ग्राफ बघितला तर आपला कुठलाही मॅनेजर खूश होईल. पण कर्जाचं व्याज फेडायला धान्य बाहेर पाठवायचं आणि तिजोरी भरायला साखर, काड्यापेटी, रॉकेल यांवर कर. व्होडका विकायला तर सरकार स्वतःच बसलं. १८९१-९२ च्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या साथीत चार-पाच लाख माणसं गेली. निर्यातीवर बंदी आली ती उशिराच. म्हणजे रेल्वेचं बिल भरलं कोणी?

मग १९०६ मध्ये आला स्टोलिपिन. मीरमधून बाहेर पडा, आपला हिस्सा आपल्या नावावर करा, पट्टे एकत्र करा, असा त्याचा हुकूम. कल्पना चांगलीच होती. फक्त संसद भरलेली नसताना हुकूम काढला आणि १९०७ मध्ये निवडणुकीचे नियमच असे बदलले की शेतकऱ्यांचा आवाज आणखी बारीक झाला. त्याआधी फिरती लष्करी न्यायालयं नेमून हजाराच्या वर माणसं मारली गेली होती. (त्याच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, त्यात त्याची मुलं जखमी झाली, हेही सांगायलाच हवं.) शेतकऱ्याची खरी मागणी होती जमीनदाराची जमीन. नेमक्या तिलाच त्याने हात लावला नाही.

हे वाचताना मला गेल्या वर्षीचं आमचं एक प्रोजेक्ट आठवलं. क्लायंटच्या गोदामातली जुनी सिस्टीम काढून झकास नवी बसवली. तिथल्या माणसांना विचारायला मात्र कोणी गेलं नाही. सहा महिन्यांनी बघतो तर सगळे गुपचूप जुन्याच एक्सेल शीटवर! आम्ही म्हणत होतो, "लोकांना बदल नको असतो." पण त्या शीटमध्ये उधारी, उसनवारी, आजारपणातली अदलाबदल असं सगळं होतं, जे आमच्या सिस्टीममध्ये नव्हतंच. मीर तशीच होती. गैरसोयीची, पण घरात खाणारी तोंडं वाढली तर जमीन वाढवून देणारी.

१९११ मध्ये कीव्हच्या नाट्यगृहात स्टोलिपिनवर गोळी झाडली गेली. १९१४ पर्यंत मीरमधून बाहेर पडलेली घरं साधारण पाचात एक, आणि पट्टे एकत्र करून स्वतंत्र शेती करणारी दहातलं एक. मित्र म्हणेल, वेळच कुठे मिळाला? बरोबर. पण १९१७ मध्ये सरकारचा धाक उठल्यावर गावकऱ्यांनी काय केलं बघा. जमीनदारांच्या जमिनी तर वाटून घेतल्याच, पण वेगळे झालेल्या शेजाऱ्यांनाही पुष्कळ ठिकाणी परत मीरमध्ये ओढलं आणि त्यांचे जोडलेले पट्टे पुन्हा तोडले.

सोमवारी टपरीवर यावर काय म्हणतो बघू. चहा त्याच्याकडून.